जाळीच्या आतली माशी

तिचं खरं नाव घरातल्या दोघांनाच ठाऊक होतं, आणि हाक मारताना तेही ते वापरत नसत. गल्लीसाठी ती खात्रीआत्या. कुणी काहीही सांगितलं, तरी तिचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "खात्री आहे?" ऊन पडलंय म्हटलं तरी ती आधी खिडकीतून हात बाहेर काढून बघायची. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, की त्या बरोबर आहेत का हे औषधाच्या दुकानदाराला विचारायची, आणि त्यानं होकार दिला, की इतक्या पटकन होकार कसा दिला याचाच तिला घोर लागायचा. लग्न केलं नाही. पाहायला आलेल्या मुलांत तिनं दोष काढले असं लोक म्हणत. ती म्हणायची, "शेवटचा आला होता त्याच्यात एकही दोष नव्हता. तेव्हाच मी सावध झाले."

हा स्वभाव तिला उगाच चिकटला नव्हता. त्याचाच तिला पगार मिळायचा. उमेदीची सगळी वर्षं तिनं एका कापड गिरणीच्या तपासणी खात्यात काढली. तिरकं काचेचं टेबल, काचेखाली दिवे आणि वरून संथपणे सरकत जाणारं कापड. तुटलेला धागा, गाठ, तेलाचा थेंब, विरळ वीण, काहीही दिसलं की खडूनं खूण करायची. शेजारच्या टेबलावरच्या बायका गप्पा मारत काम उरकायच्या. ही तोंड मिटून बसायची, म्हणून तिच्या हाताखालून गेलेला तागा कधी परत आला नाही. तिथला एक नियम तर तिच्या हाडात मुरला होता. प्रत्येक ताग्याचा वीतभर तुकडा कापून, चिठ्ठी लावून कपाटात ठेवायचा. तो धुवायचा नाही, त्याला इस्त्री करायची नाही, जसा आहे तसाच ठेवायचा. पुढे गिऱ्हाईक तक्रार घेऊन भांडायला आलं, की कपाट उघडायचं. माणसं शब्द फिरवतात, तुकडा फिरवत नाही.

गिरणीला टाळं लागलं तेव्हा ती गावाच्या कडेला धाकट्या भावाकडे राहायला आली. भावानं घरामागच्या जमिनीत तुती लावली होती आणि रेशमाच्या किड्यांसाठी शेड बांधली होती. भाऊ गेला. त्याचा मुलगा, म्हणजे आत्याचा भाचा, तेव्हा नुकता कमवता झाला होता. दोघांनी मिळून शेड चालू ठेवली. भाच्यानं पाला आणायचा, आत्यानं नजर ठेवायची, अशी वाटणी. मग भाच्याचं लग्न झालं आणि घरात सून आली.

सुनेबद्दल आत्याला पहिल्या आठवड्यातच संशय आला. कारण काय, तर ती भांड्यांचा आवाज न करता स्वयंपाक करायची. जिच्या हातून पातेलंसुद्धा आपटत नाही ती बाई मनात काहीतरी धरून असते, असं आत्याचं ठाम मत होतं. त्यात ती कामाला चपळ. शेडमधलं सगळं चार दिवसांत शिकली आणि तेही कुणाला फारसं न विचारता. आत्याला हे दुसरं कलम वाटलं.

शेड म्हणजे घरामागची लांबट खोली. खिडक्यांना बारीक जाळी, आत लोखंडी रॅक, रॅकवर पसरलेल्या तुतीच्या फांद्या आणि फांद्यांवर हजारो पांढऱ्या अळ्या. शेवटच्या वाढीत त्या करंगळीएवढ्या होतात आणि असा काही पाला खातात, की शंभर माणसं एकदम कागद चुरगाळताहेत असं वाटतं. मग एक दिवस त्यांचं खाणं थांबतं, अंग पिवळसर काचेसारखं दिसू लागतं आणि त्यांना चंद्रिकांवर सोडतात. चंद्रिका म्हणजे वळणावळणाची जाळी. तिच्या खोबणीत बसून अळी स्वतःभोवती एकच एक लांब धागा गुंडाळत राहते. तो कोष. व्यापारी नेतो तो हाच, आणि पुढे तो उकळून त्याचा धागा अखंड उलगडतात.

अखंड हाच सगळ्याचा जीव. कोषाला भोक पडलं, की धाग्याचे तुकडे झाले, आणि कोष कचऱ्याच्या भावात गेला. भोक पाडणारी असते उझी माशी. तिच्यासाठीच शेडला दोन दारं होती आणि दोन्ही दारांच्या मध्ये जेमतेम दोन माणसं मावतील एवढी खोली. बाहेरचं लावल्याशिवाय आतलं उघडायचं नाही. मध्ये चुन्याच्या ट्रेमध्ये पाय टेकवायचे. हा नियम आत्यानं दारावर लिहून लावला नव्हता, कारण लिहिलेलं लोक वाचत नाहीत असा तिचा अनुभव होता. ती स्वतःच दारासारखी उभी राहायची.

आणि तरीही माशी आत आली.

एका पिकात थोडे कोष भोकाचे निघाले. व्यापाऱ्यानं ते चिमटीत धरून बाजूला टाकले तेव्हा आत्याला वाटलं, हा मुद्दाम आपलेच कोष निवडून टाकतोय. पुढच्या पिकात भोकं वाढली. तिसऱ्या वेळी तिनं अळ्या अजून पाला खात असतानाच भिंग घेऊन रॅक तपासायला सुरुवात केली, आणि तिसऱ्या कप्प्यावर तिला पहिला काळा ठिपका दिसला. विझलेल्या काडीचं टोक टेकवावं तसा, अळीच्या कुशीवर. मग दुसरा. मग एका अळीच्या अंगावर खसखशीच्या दाण्यासारखं पांढुरकं अंडं, अजून न फुटलेलं. ती अळी मात्र मजेत पान कुरतडत होती.

रेशीम खात्याचा माणूस येऊन बघून गेला. आत्याला तो आवडला नाही. एका तपासनिसाला दुसरा तपासनीस कधी आवडलाय? पण तो सांगत होता ते तिनं कान देऊन ऐकलं. माशी अळीच्या अंगावर बसते तेव्हा अळी डोकं झटकते, पण तिला हात नाहीत की हाकलायला शेपूट नाही. अंडं चिकटतं. दोनतीन दिवसांनी ते खालच्या बाजूनं फुटतं आणि त्यातला किडा बाहेर न येता सरळ अळीच्या अंगात शिरतो. तो काळा ठिपका म्हणजे त्याच्या शिरण्याची जागा. तिथूनच तो श्वास घेतो, शेपटाकडून. आत राहून तो आधी चरबी खातो. ज्यानं अळीचा जीव लगेच जाईल ते शेवटासाठी ठेवतो. त्यामुळे अळी खात राहते, वाढते, वेळ आली की कोषही विणते, आणि तो सगळा पाला खरं तर पोटातल्या पाहुण्याच्या कामी आलेला असतो. कोष पुरा झाला, की पाहुणा तोंडाच्या आकड्यानं भोक पाडून बाहेर पडतो. त्याला उजेड सोसत नाही. तो सरपटत अंधारी फट शोधतो आणि तिथे लालसर कुपीसारखा टणक होऊन पडून राहतो. आठवडा-दीड आठवड्यात त्याची माशी.

"घरमालकाला जिवंत ठेवून घर खायचं," आत्या म्हणाली, आणि तिचे डोळे का कुणास ठाऊक स्वयंपाकघराकडे गेले.

त्या माणसानं मग पोलिसासारखे प्रश्न विचारले. जमिनीला भेगा आहेत का, कोष काढल्यावर कुठे ठेवता, किती दिवस ठेवता. आत्याला राग आला. ती म्हणाली, आम्ही कोष ठेवत नाही, काढले की विकतो. तो म्हणाला, मग जाळी आणि दारं बघा. जाताना त्यानं आणखी एक उपाय सुचवला. एक बारीक गांधीलमाशी असते, वाळूच्या कणाएवढी. ती या माशीच्या कुपीत स्वतःची अंडी घालते आणि आतल्या आत तिचा निकाल लावते. अळीला काही करत नाही. खात्यात पिशव्या मिळतात.

"म्हणजे चोरावर मोर," भाचा हसून म्हणाला.

"आणि मोरावर कोण?" आत्यानं विचारलं. विषय तिथेच संपला.

जाळी आत्यानं स्वतः तपासली, एक एक वीत, बोटांनी चाचपून. गिरणीत कापड बघायची तशीच. एकही भोक नव्हतं. म्हणजे दार. आणि दारातून जाणारी माणसं तीन. ती स्वतः असणं शक्य नव्हतं. भाचा भोळा होता, पण बापाच्या शेडवर त्याचा जीव होता. मग उरलं कोण, हे सांगायला भिंग लागत नव्हतं.

शिवाय कारणही होतं. सुनेच्या भावानं लांबच्या गावात यंत्रदुरुस्तीचा कारखाना काढला होता आणि भाच्याला तिथे कामाला बोलावलं होतं. सुनेला वाटत होतं, जावं. तिनं हे लपवलंही नव्हतं. चहा पिताना सरळ म्हणाली होती, की त्यांना यंत्राचं काम येतं, तिथे त्याची कदर होईल. भाचा हो-नाही करत होता, शेडकडे बघत होता, आत्याकडे बघत होता. तेव्हा आत्यानं मनात दोन टोकं जुळवली. शेड चालली तर हा जात नाही. शेड बुडाली तर जातो. आणि शेड कशानं बुडते आहे?

त्या दिवसापासून तिनं सुनेवर पाळत ठेवली. बाहेरच्या दाराच्या फटीत आडवा दोरा लावला, कुणी दार उघडं टाकून गेलं तर कळावं म्हणून. दोरा प्रत्येक वेळी नीट गुंडाळून कडीला अडकवलेला मिळायचा. म्हणजे सुनेला दोरा कळला होता, आणि ज्या बाईला दोरा कळतो ती साधी नसते. मग आत्या तुतीच्या रांगांमध्ये विळा घेऊन बसू लागली, तण काढायच्या निमित्तानं. तिथून दार दिसायचं. सून यायची, बाहेरचं दार लावायची, मग बराच वेळ आतलं दार वाजायचंच नाही. मधल्या खोलीत एवढा वेळ काय करते ही? एकदा आत्या पाय न वाजवता गेली आणि तिनं दार एकदम ढकललं. सून चुन्याच्या ट्रेमधला ओला झालेला चुना खरवडून काढत होती. दचकली नाही. "या, आत्या. पण आधी ते बाहेरचं लावा," ती म्हणाली. आत्याला जन्मात पहिल्यांदा कुणीतरी दार लावायला सांगितलं होतं, आणि ते तिला फार लागलं.

काळे ठिपके वाढतच गेले. शेवटी एका सकाळी स्वयंपाकघरात, सून चहा गाळत असताना, आत्यानं मनातलं बोलून टाकलं. भाचा पायरीवर बूट घालत होता, त्यालाही ऐकू जाईल अशा बेतानं.

"दार कोण उघडं ठेवतं ते मला कळलंय. शेड बुडाली, की तुमची वाट मोकळी, नाही का?"

सुनेनं गाळणं खाली ठेवलं. "मला दार उघडं ठेवताना बघितलंत तुम्ही?"

"बघायला कशाला हवं? जाळी शाबूत आहे. माशी काय किल्ली घेऊन येते?"

"म्हणजे बघितलं नाही." तिचा आवाज चढला नाही. "गिरणीत न बघताच खूण करायचात का, आत्या?"

आत्या तिथून उठून गेली. भाच्यानं दोघींपैकी कुणालाच काही विचारलं नाही. पण संध्याकाळी, बायकोकडे न बघता, त्यानं सांगून टाकलं, की त्यानं मेहुण्याला नाही म्हणून कळवलंय. आपल्या घरातून एवढं नुकसान झाल्यावर आत्याला टाकून कुठल्या तोंडानं जायचं? शेड पुन्हा उभी राहिल्याशिवाय तो कुठे जाणार नव्हता. 'आपल्या घरातून' हे शब्द सुनेनं ऐकले. तिनं ताटं उचलली. त्या रात्री पहिल्यांदा भांड्यांचा आवाज झाला.

दुसऱ्या दिवसापासून सून शेडकडे फिरकली नाही. खुंटीवरची आपली शेडची चप्पल तिनं घरात आणून ठेवली. आत्याला वाटलं होतं, बरं वाटेल. भाचा राहणार होता. तिला हवं होतं ते झालं होतं. पण भाचा बायकोकडे न बघता जेवायचा आणि उठून जायचा, आणि शेडमध्ये, सून नसतानाही, माश्या होत्याच. जुन्याच असतील, आत्यानं स्वतःला सांगितलं. संशयाला काय, एक खुंटी उपटली तर तो दुसऱ्या खुंटीवर लटकतो. पण ती खुंटी काही तिला नीट बसेना.

म्हणून एका दुपारी तिनं मधल्या खोलीत स्टूल टाकलं आणि दोन्ही दारं लावून ती पहाऱ्याला बसली. उन्हाचा एक पट्टा वरच्या झरोक्यातून खाली आला होता. खोलीत चुन्याचा ट्रे, पाण्याची बादली, खुंट्या आणि भिंतीला लागून तिची पत्र्याची पेटी. कंटाळा आला, तशी तिची नजर आपोआप जमिनीवर फिरू लागली, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. आणि पेटीच्या पायाशी तिला एक माशी चालताना दिसली.

चालताना. उडताना नाही. आत्या पुढे वाकली. माशी करडी होती, पाठीवर काळ्या रेघा होत्या, सगळं बरोबर. फक्त पंख बरोबर नव्हते. ओल्या कागदाच्या बोळ्यासारखे ते अंगाला चिकटले होते. कुपीचं टोपण आतून ढकलायला असतो तो मऊ फुगा अजून कपाळावर आत-बाहेर होत होता. माशी पेटीच्या पायावर चढली, थांबली, आणि आत्याच्या डोळ्यांदेखत तिचे पंख हळूहळू सरळ होऊ लागले.

आत्यानं चाळीस वर्षांत लाखो वार कापड पाहिलं होतं. डाग ताजा की जुना, हे तिला लगेच कळायचं. जिचे पंख अजून उलगडले नाहीत ती माशी बाहेरून उडून येऊ शकत नाही. ही इथलीच. आत्ता, इथे, दोन बंद दारांच्या मध्ये जन्मलेली.

तिनं पेटी उघडली.

पेटीत नमुने होते. प्रत्येक पिकाचे मूठभर कोष, मलमलीच्या पिशवीत, वर चिठ्ठी. व्यापारी माल हलका आहे म्हणाला, तर त्याच्या तोंडावर आपटायला. भाच्याला ते माहीत होतं आणि तो हसायचा. कोष ठेवायचे तर आधी वाफ किंवा कडक ऊन देऊन आतला जीव मारावा लागतो, हे आत्यालाही माहीत होतं. पण नमुन्याला हात लावायचा नसतो. नमुना जसा आहे तसाच. त्यामुळे पिशवीत पतंग निघायचे आणि आतच मरायचे, कोषांना भोकं पडायची, आणि त्या भोकांचं तिला कधी काही वाटलं नाही. आज तिनं एक पिशवी उजेडात धरली. पतंगाचं भोक मोठं असतं, कडेला ओलसर तपकिरी डाग असलेलं. तशी होतीच. पण त्यांच्या शेजारी दुसरी होती, लहान, गोल, स्वच्छ, सुई तापवून पाडावी तशी. पिशवीचं तोंड सैल होतं.

पेटी सरकवली तेव्हा खालच्या फरशीच्या फटीत लालसर कुपी दिसल्या, ओळीनं. काही टोपण उघडून रिकाम्या झालेल्या. काही भरलेल्या. पहिली एखादी कधीतरी पाल्याच्या भाऱ्यातून आली असेल, पण बाकीच्या इथेच निपजल्या होत्या.

आधी ही पेटी इथे नव्हती. नमुने वर्षानुवर्षं तिच्या खोलीतल्या कपाटात होते. सून आल्यावर कपाटातल्या वस्तू जागच्या हलल्यात असं तिला वाटलं होतं, आणि कुणाचा हात लागू नये म्हणून तिनं नमुने पेटीत भरून ती पेटी जाळीच्या आत, तिच्या समजुतीनं सगळ्यात सुरक्षित जागी आणून ठेवली होती. कुणाचा हात, हे काही वेगळं सांगायला नको.

ती स्टुलावर बसून राहिली. बाहेर सून धुणं वाळत घालत होती. कपडा झटकल्याचा आवाज ठरावीक अंतरानं येत होता. बादलीत साबण होता, केरसुणी होती. एवढं सगळं झाडून, पाण्यात बुडवून मोकळं व्हायला कितीसा वेळ लागणार? माश्या हळूहळू कमी होतील. शेड सावरेल. सून शेडपासून दूर गेली आणि माश्या गेल्या, असं सगळ्यांना दिसेल. आणि भाचा इथेच राहील. आत्यानं काही खोटं बोलायची गरज नव्हती. नुसतं गप्प बसायचं होतं.

तिनं केरसुणी हातात घेतलीही. मग तिला आठवलं, की गिरणीत एकदा दुसऱ्या टेबलावरच्या बाईनं आपल्या यंत्राच्या तेलाचा डाग भलत्याच मागावर नोंदवला होता. त्या विणकराच्या पगारातून दंड कापला गेला तेव्हा आत्या त्या बाईशी दोन वर्षं बोलली नव्हती. कुणालाही माफ न करणाऱ्या माणसाची हीच अडचण असते. स्वतःची वेळ आली, की जायला जागा उरत नाही.

तिनं दार उघडून हाक मारली. सून हात पुसत आली, उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. "मी आत येत नाही," ती म्हणाली. "परत काहीतरी निघायचं."

"निघालंय. ये."

सून आली. बाहेरचं दार लावलं, चुन्यात पाय टेकवले. मग खाली बघितलं. फटीतल्या कुपी, उघडी पेटी, उजेडात धरलेली पिशवी. तिला समजायला वेळ लागला नाही, कामाला चपळ होतीच ती.

"ह्या कुणाच्या?"

"माझ्या," आत्या म्हणाली.

सून खाली बसली. एक भरलेली कुपी तिनं नखानं उचलून तळहातावर घेतली. "पेटी इथे का आणली होतीत?"

"कपाटाला तुझा हात लागायचा म्हणून."

"कपाटाच्या मागं वाळवी लागली होती. मी ती खरवडून औषध लावत होते."

"मग सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर विचारलं असतंत, खात्री आहे का." सुनेचे डोळे भरले होते, पण ती रडली नाही. कुपी तिनं बादलीत टाकली. "इतके दिवस जेवताना मी त्यांच्याकडे बघत होते. ते माझ्याकडे बघत नव्हते. हे तुम्हाला दिसलं नसेल. बाकी सगळं दिसतं."

"दिसलं," आत्या म्हणाली.

संध्याकाळी भाचा पाल्याचा भारा टाकून आत आला, तेव्हा आत्यानं त्याला पाणीही पिऊ दिलं नाही. "माशी माझ्या पेटीतली होती. हिनं दार कधीच उघडं ठेवलं नाही. तुला त्या गावी जायचं असेल तर जा. माझ्या नुकसानीचं ओझं तू घेऊ नकोस." भाचा एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिला. मग बायकोला म्हणाला, "मी तुला विचारायला हवं होतं." ती म्हणाली, "हो, हवं होतं," आणि त्याला पाणी आणून दिलं. पण पेला हातात न देता पुढ्यात ठेवला.

पीक अर्धं गेलं. ठिपक्यांच्या अळ्या वेगळ्या काढून नष्ट कराव्या लागल्या. फरशी उचकटली, फटी सिमेंटनं भरल्या. नमुन्यांच्या पिशव्या आत्यानं स्वतःच्या हातानं चुलीत टाकल्या, आणि जळेपर्यंत तिथून हलली नाही. जळाल्यात याची खात्री नको का!

भाच्यानं मेहुण्याला पुन्हा फोन केला. जायचं ठरलं. आत्यानं मनाची तयारी केली होती, त्यामुळे सुनेनं पुढे जे सांगितलं त्यावर आधी तिचा विश्वासच बसला नाही. सून म्हणाली, तो पुढे जाईल, आणि ती पुढचं एक पीक काढून मग बघेल. तिच्यावर ज्या पिकाचा आळ आला, त्यानंतरचं स्वच्छ पीक बघितल्याशिवाय तिला इथून जायचं नव्हतं. अट एकच. शेड तिच्या पद्धतीनं चालेल, आणि आतल्या दाराच्या पलीकडे आत्या तिला विचारून येईल.

"एका पिकापुरतं?" आत्यानं विचारलं.

"नंतरचं नंतर बघू."

यात काही डाव आहे का, हे आत्यानं दोन दिवस सगळ्या बाजूंनी तपासून पाहिलं. सापडला नाही. पूर्वी अशा वेळी ती जास्तच सावध झाली असती. या वेळी तिनं भाच्याची बॅग भरायला घेतली.

नव्या अळ्या आल्या, वाढल्या, पाला कुरतडू लागल्या. शेवटच्या वाढीला लागल्या त्या दिवशी सून रेशीम खात्यात जाऊन आली. तिच्या हातात मलमलीची छोटी पिशवी होती. आत उझी माशीच्याच कुपी होत्या, फक्त त्यांच्या पोटात आता माशी नव्हती, त्या गांधीलमाशीची पिल्लं होती. आज-उद्या बाहेर पडतील, आणि शेडमध्ये कुठे चुकूनमाकून एखादी कुपी राहिली असेल तर शोधून काढतील, असं सून सांगत होती.

"मी एवढी बोटभर फट सोडली नाही. आणि तू पैसे देऊन त्याच कुपी घरात आणल्यास?"

"हो."

"दिसतात तरी का त्या गांधीलमाश्या?"

"जवळपास नाही."

जे दिसत नाही ते आपलं काम करतंय, यावर नुसतं विसंबून राहायचं. आत्याला हे अशक्यच वाटलं. सुनेनं बाहेरचं दार लावलं, मग आतलं वाजलं. आत्या शेडच्या भिंतीशी पायरीवर बसून राहिली. आपण आत जायचं नाही असं ठरलंय, तर नाही जायचं. तिनं हाताची घडी घातली. सोडली. तुतीच्या रांगांकडे बघितलं. अळ्यांचा चुरचुर आवाज आतून येत होता, आणि त्यात सुनेची पावलं एका रॅकपासून दुसऱ्या रॅकपर्यंत फिरत होती.

अखेर तिच्यानं राहवलं नाही. ती उठली आणि भिंग न घेता, नुसता डोळा जाळीला लावून तिनं आत बघितलं. मधल्या रॅकच्या खुंटीला पिशवी टांगलेली होती. सून तिच्यापुढे पाठमोरी उभी होती, बरोबर त्या रेषेत, त्यामुळे काहीच दिसत नव्हतं.

"आत्या," मागे न वळता सून म्हणाली, "बघा, पण बाहेरूनच."

आणि पाल्याची फांदी उचलता उचलता ती एक पाऊल बाजूला सरकली.